घरासमोर गाडी आत घ्यायची आहे, पण फुटपाथचा कर्ब आडवा येतोय (यूके)

शरयू_मिडलंड्स
नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये स्वतःचं घर असलेल्यांची मदत हवी आहे.

आमचं घर १९३०च्या दशकातलं, सेमी-डिटॅच्ड. समोर छोटी बाग, पुढे विटांची बुटकी भिंत, मग फुटपाथ, त्याच्या कडेचे उंच दगड म्हणजे कर्ब, आणि रस्ता. गाडी रस्त्यावर लावतो. संध्याकाळी सहानंतर गल्लीत जागा मिळत नाही, मग पलीकडच्या गल्लीत लावून चालत यायचं. माझं एकटीचं काही नाही, पण मे महिन्यात आई नाशिकहून येतेय. तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. गेल्या खेपेला भर पावसात तिला हाताला धरून आणताना मलाच रडू आलं होतं.

म्हणून बागेत फरशी घालून गाडी आत घ्यायचं ठरवलंय. फरशीवाला येऊन बघून गेला. म्हणाला, भिंत पाडून ड्राईव्हवे करून घ्या, कर्बचं नंतर बघू, सगळे तसंच करतात. उजवीकडच्या घरातल्या आजोबांना कळलं तर ते म्हणाले, मी हरकत घेणार. रस्त्यावरची जागा जाईल, मग माझ्या मुलीने गाडी कुठे लावायची?

कर्ब खाली न करता गाडी आत नेली तर चालतं का? खर्च किती येतो? आणि शेजाऱ्यांच्या हरकतीने काम अडू शकतं का?

खडी_डांबर
शरयूताई, मी १६ वर्षं इकडे रस्त्यांच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या फरशीवाल्याला थांबवा. बाग तुमची आहे, पण भिंतीपुढचा फुटपाथ तुमचा नाही. तिथे वाहनासाठी वाट करायची तर १९८०च्या हायवेज ॲक्टच्या कलम १८४खाली परवानगी लागते आणि ती द्यायची की नाही हे रस्ते खातं ठरवतं. ड्राईव्हवे झाला आणि परवानगी नाकारली, तर तुमच्याकडे हजारो पौंडांचं अंगण उरेल आणि गाडी पलीकडच्या गल्लीतच राहील. असं झालेली दोन घरं मी स्वतः पाहिली आहेत.

कर्ब तसाच ठेवून गाडी चढवणं बेकायदा आहे. हायवे कोडचा नियम १४५ वाचा. शिवाय फुटपाथ माणसांच्या वजनासाठी बांधलेला असतो, आणि त्याच्याखाली फार खोल नाही अशा गॅसच्या नळ्या, पाण्याची लाईन, विजेच्या केबली असतात. दीड टनाची गाडी रोज त्याच जागेवरून गेली की आधी फरश्या तडकतात, मग खालचं काही तरी फुटतं आणि दुरुस्तीचं बिल तुमच्या दारात येतं. म्हणूनच ड्रॉप्ड कर्बचं, म्हणजे गाडीसाठी खाली उतरवलेल्या कर्बचं, काम नुसते दगड खाली बसवून होत नाही. तेवढा फुटपाथ खणून खालचा थर जाड करून पुन्हा बांधावा लागतो. पैसे त्यातच जातात.

दगडांचा हिशोब असा. एक कर्बचा दगड ९१४ मिलीमीटरचा, म्हणजे ३ फूट. साधारण मांडणीत मधले चार दगड खाली बसवलेले आणि दोन्ही टोकांना एकेक उतरता. सहा दगड मिळून जवळपास साडेपाच मीटर. एरवी कर्ब रस्त्यापासून १०० ते १२५ मिलीमीटर वर असतो, तो गाडीसाठी २५ मिलीमीटरवर आणतात.

आजच तीन गोष्टी बघा. एक, तुमचा रस्ता ए, बी किंवा सी वर्गातला आहे का. असेल तर कलम १८४च्या परवानगीखेरीज प्लॅनिंग परमिशनही लागते. दोन, बागेची खोली किती. बऱ्याच कौन्सिलांना किमान ४.८ मीटर हवी असते. तीन, समोर दिव्याचा खांब, झाड, मॅनहोल असं काय काय आहे. तुमच्याकडे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा कौन्सिलच्या दोन पातळ्या असतील तर फुटपाथ काउंटीकडे आणि प्लॅनिंग डिस्ट्रिक्टकडे. एकीकडून हो आलं म्हणजे दुसरीकडूनही आलं असं समजू नका.

हरकतीबद्दल: नुसत्या कलम १८४च्या अर्जावर सहसा शेजाऱ्यांचं मत घेत नाहीत. प्लॅनिंग लागलं तर त्यांना कळवतात.

कोपऱ्यावरचा_चाफा
हा धागा जपून ठेवते. आमच्याकडेही हाच विषय गेली दोन वर्षं जेवणाच्या टेबलावर आहे.

थेम्सकाठी
आमचा अनुभव लंडनमधला. बरोचं नाव घेत नाही. घरासमोर परमिटवाल्या गाड्यांच्या पार्किंगच्या जागा आखलेल्या होत्या. अशा ठिकाणी नुसता कर्ब उतरवून भागत नाही, आधी ती आखलेली जागा कायदेशीरपणे रद्द करावी लागते. त्यासाठी ट्रॅफिक ऑर्डर बदलायची, जाहीर नोटीस लावायची आणि लोकांना हरकतीसाठी २१ दिवस द्यायचे. म्हणजे खडी_डांबर म्हणतात त्याला ही पुरवणी: अशा गल्लीत शेजाऱ्यांचं मत नक्की विचारात घेतलं जातं. आमच्या बाबतीत दोघांनी हरकत घेतली. अर्जापासून काम होईपर्यंत १४ महिने गेले. ऑर्डर, काम आणि केबल टीव्हीची पेटी सरकवणं धरून ४,१०० पौंडांच्या वर खर्च आला.

पण इलेक्ट्रिक गाडी घ्यायची असेल तर मी तरीही करा म्हणेन. घरच्या विजेवर व्हॅट ५ टक्के, बाहेरच्या सार्वजनिक चार्जरवर २० टक्के, आणि रात्रीचे स्वस्त दर घरच्या मीटरलाच मिळतात.

हिरवळ
मी शरयूच्या शेजारच्या आजोबांच्या बाजूने लिहिणार आहे. राग मानू नये.

तुमची एक गाडी रस्त्यावरून आत जाते हे खरं. पण साडेपाच मीटर कर्ब खाली गेला की तिथे दुसरं कुणी कधीच गाडी लावू शकत नाही. एरवी ती जागा सगळ्यांची असते: नर्सची, पार्सलवाल्याची, आजोबांच्या मुलीची. गल्लीतल्या दहा घरांनी हेच केलं की अकराव्याला जागाच उरत नाही, मग तोही बाग उखडतो.

आणि बागांचं काय? २००७च्या उन्हाळ्यात इथे पूर आले तेव्हा आमच्या गावात गटारं उलटी वाहत होती, मी ते पाहिलंय. त्यानंतरच, १ ऑक्टोबर २००८पासून, इंग्लंडमध्ये नियम आला की समोरच्या बागेत ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न जिरणारी फरशी घातली आणि पाणी रस्त्याकडे सोडलं तर प्लॅनिंग परमिशन लागते. फरशीवाले हे सांगत नाहीत. माझ्या समोरच्या बागेत चिमण्या येतात. तिथे मी पुदिना आणि मेथी लावते. हे सगळं गाडीखाली घालायला माझं मन धजत नाही.

खडी_डांबर
हिरवळताई, पाण्याबद्दल शंभर टक्के सहमत. त्यात भर घालतो: ड्राईव्हवेवरचं पाणी फुटपाथवर वाहू द्यायचं नाही, हायवेज ॲक्टच्या कलम १६३खाली कौन्सिल ते थांबवायला लावू शकते. पण यावर उपाय आहेत. पाणी जिरणारे ब्लॉक, खडी, नाहीतर उतार बागेतल्या वाफ्याकडे काढायचा. मला स्वतःला आवडतं ते म्हणजे फक्त दोन चाकांपुरत्या पट्ट्या बांधायच्या आणि मधे माती ठेवायची. मेथीही राहील, गाडीही येईल. फक्त सुटी खडी वापरलीत तर फुटपाथच्या कडेला घट्ट पट्टा करा, नाहीतर खडी चाकांबरोबर बाहेर येते.

जागेच्या मुद्द्यावर मात्र मी शरयूताईंच्या बाजूने आहे. गुडघे बदललेल्या माणसाला दारात उतरता येणं ही साधी गोष्ट नाही.

हिरवळ
पट्ट्यांची कल्पना आवडली. जागेच्या मुद्द्यावर मी ठाम आहे. गुडघे आजोबांनाही आहेत.

शरयू_मिडलंड्स
सगळ्यांचे आभार. फरशीवाल्याला तूर्त थांबवलंय. रस्ता वर्गीकृत नाही, हे कौन्सिलच्या नकाशात बघितलं. पण रात्री नवऱ्याबरोबर टेप घेऊन मोजलं आणि मन खट्टू झालं. आमच्या घराला पुढे आलेली बे विंडो आहे. घराच्या भिंतीपासून ५.४ मीटर भरतं, पण बे विंडोपासून ४.६५च. १५ सेंटिमीटरसाठी सगळं फिसकटणार का? आमची गाडी तर ४.१ मीटरचीच आहे हो.

पांढरी_काठी
शरयू, ४.८ मीटरचा नियम अन्यायाचा वाटेल, म्हणून आमच्या घरातलं सांगते. माझ्या नवऱ्याला जवळपास दिसत नाही. तो काठी घेऊन रोज एकटा स्टेशनपर्यंत जातो. आमच्या वाटेवर तीन घरांसमोर गाड्यांची मागची टोकं फुटपाथवर आलेली असतात. काठी खालून जाते आणि गाडीचा बंपर थेट मांडीला लागतो. त्याच्या पायावर निळे डाग मी कितीदा पाहिलेत. गाडी तुमची ४.१ असेल, पण उद्या घर विकाल, पुढचा माणूस मोठी गाडी आणेल आणि कर्ब तर उतरलेलाच असेल.

अजून एक. तो २५ मिलीमीटरचा उंचवटा लोकांना खुपतो, गाडीला हिसका बसतो म्हणून पूर्ण सपाट करून मागतात. तो काढू नका. काठीला तेवढीच कड लागते आणि कळतं की इथे रस्ता सुरू झाला. पादचाऱ्यांनी ओलांडायच्या जागी कर्ब पूर्ण सपाट करतात, पण तिथे पायाला कळतील अशा फुगीर ठिपक्यांच्या फरश्या असतात. घरांच्या ड्राईव्हवेपुढे त्या नसतात.

शरयू_मिडलंड्स
पांढरी_काठी, हे मला कधीच सुचलं नसतं. तुमच्या यजमानांना नमस्कार सांगा.

खडी_डांबर
बे विंडो घराच्या पूर्ण रुंदीभर नसते ना? दरवाजा कुठल्या बाजूला आहे? त्या बाजूची खोली आणि रुंदी मोजून सांगा. गाडीला साधारण २.४ मीटर रुंदी लागते. त्याशिवाय दारापर्यंत जायला वाट राहिली पाहिजे.

सिंहगडी
पुण्यातून वाचतोय. अवांतर होईल, पण राहवत नाही. आमच्याकडे प्रत्येक गेटपुढे फुटपाथ कापून ज्याने त्याने आपापला उतार केलाय, कुठे काँक्रीटचा, कुठे लोखंडी पत्र्याचा. परवानगी वगैरे शब्द कुणी ऐकलेला नाही. वडिलांना व्हीलचेअरवरून न्यायचं तर दर वीस पावलांवर खुर्ची रस्त्याकडे कलते. शेवटी मी रस्त्यावरूनच नेतो, रिक्षांच्या मधून. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची नियमावली आहे, आयआरसी १०३. तिच्यात कर्ब १५० मिलीमीटरहून उंच नको असं स्पष्ट लिहिलंय. आमच्या पेठेत गुडघ्याइतके कर्ब आहेत. तुमच्याकडे १५ सेंटिमीटरसाठी माणूस मोजायला येतो हे वाचून बरं वाटलं.

खडी_डांबर
सिंहगडी, अवांतर मुळीच नाही, खरा मुद्दा हाच आहे. फुटपाथ रुंद असेल तर उतार फक्त रस्त्याकडच्या भागात द्यायचा आणि घराकडची निदान ९०० मिलीमीटरची पट्टी सपाट ठेवायची. मग खुर्ची कलत नाही. अरुंद फुटपाथावर मात्र अख्खा फुटपाथच हळूहळू खाली आणून पुन्हा वर न्यावा लागतो. चांगला ठेकेदार ओळखायचा तर त्याचं आधीचं काम बघा आणि त्यावरून स्वतः चालून बघा.

लेथ_जोशी
परवानगीची वाट बघताना मी केलेली चूक सांगतो, म्हणजे दुसरं कुणी करणार नाही. गटारीच्या कडेला रबरी उतार ठेवले होते, गाडी चढवण्यापुरते. ऑनलाईन सहज मिळतात. पावसात पाणी अडून शेजारणीच्या फाटकापुढे तळं झालं, आणि आठवड्याभरात एक सायकलवाला मुलगा अंधारात त्यावर घसरून पडला. कोपर फुटलं त्याचं. मीच त्याला दवाखान्यात नेलं. त्या रात्री उतार उचलून आत ठेवले ते कायमचे. रस्त्यावर असं काही ठेवणं बेकायदा आहे, पण मला कायद्यापेक्षा तो मुलगा आठवतो.

एडिंबराची_माई
स्कॉटलंडवाल्यांनी इथले कलम क्रमांक वापरू नयेत. आपल्याकडे १९८४चा वेगळा रस्ते कायदा आहे. आमच्याकडे कौन्सिलचं परमिट घेऊन आम्हीच ठेकेदार लावला. त्याच्याकडे रस्त्यावर काम करायचा परवाना आणि विमा आहे का, हे कौन्सिलने आधी तपासलं. शिवाय ११ डिसेंबर २०२३पासून इथे फुटपाथवर गाडी लावायला बंदी आहे. आमच्या एडिंबरात २९ जानेवारी २०२४पासून दंड सुरू झाला: १०० पौंड, १४ दिवसांत भरला तर ५०. ओलांडायच्या जागी उतरवलेल्या कर्बपुढेही लावता येत नाही. पण ही बंदी घरांच्या ड्राईव्हवेला लागू नाही, लोक त्यात गल्लत करतात.

मोदकपात्र
इंग्लंडात मात्र ड्राईव्हवेपुढच्या ड्रॉप्ड कर्बलाही दंड होऊ शकतो. २००४च्या ट्रॅफिक मॅनेजमेंट ॲक्टचं कलम ८६, आणि तिकिटावर कोड २७. घरात राहणाऱ्याने तक्रार केली तरच येतात. घरात राहणाऱ्याच्या संमतीने लावलेल्या गाडीला काही होत नाही, पण दोन घरांचा सामाईक ड्राईव्हवे असेल तर ती सूट नाही.

हे मला पाठ आहे कारण गणपतीत आमच्याकडे आरतीला ३० माणसं आली होती. एका पाहुण्यांनी समोरच्या ड्राईव्हवेपुढे गाडी लावली. समोर राहणाऱ्या बाई रात्रपाळीला निघालेल्या, गाडी बाहेर काढता येईना, आणि आमच्या टाळ-झांजांत बेल कुणाला ऐकू आली नाही. दुसऱ्या दिवशी मोदक घेऊन माफी मागायला गेलो. आता दरवर्षी निमंत्रणातच लिहितो: गाड्या शाळेच्या मैदानात लावा.

कोपऱ्यावरचा_चाफा
ड्राईव्हवेपुढे रस्त्यावर पांढऱ्या रंगाची एच आकाराची रेघ मारून घेतली तर?

मोदकपात्र
ती नुसती विनंती असते, तिला स्वतःचं कायदेशीर बळ नाही. पण लोक मानतात.

कज्जेदलाल_नव्हे
मी घर खरेदीविक्रीची कायदेशीर कामं करतो. कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो: अर्जाआधी लँड रजिस्ट्रीतून घराचा टायटल, म्हणजे मालकीचा कागद, काढून वाचा. नव्या वसाहतींमध्ये पुष्कळदा समोरच्या बागेत गाडी लावू नये अशी अट असते. लीजहोल्ड असेल तर जमीनमालकाची संमती लागेल. आणि तुमची हद्द व फुटपाथ यांच्यामध्ये गवताची चिंचोळी पट्टी असेल तर ती कुणाची आहे हे शोधा. कधी ती बिल्डरच्या नावावर राहिलेली असते आणि तो तुम्हाला चार फूट ओलांडायचे पैसे मागतो. कौन्सिलने ताब्यात न घेतलेला खासगी रस्ता असेल तर तर्‍हा आणखी वेगळी. माझ्या एका अशिलाने सगळं काम केल्यावर मला कागद दाखवले. तेव्हा बांधलेलं उखडावं लागलं.

शरयू_मिडलंड्स
टायटल वाचला, अट नाही. पट्टीही नाही. दरवाजा उजवीकडे आहे, आजोबांच्या हद्दीला लागून. तिथे खोली ५.४ मीटर आणि बे विंडोपासून हद्दीपर्यंत रुंदी ३.५ मीटर भरली.

खडी_डांबर
मग झालं की! २.४ गाडीला, उरलेली १.१ चालायला. आजोबांचा ड्रॉप्ड कर्ब त्याच हद्दीजवळ आहे का? असेल तर दोन्ही जोडून मागा. मधला त्यांचा उतरता दगड निघेल, तुमच्या बाजूला तीन खालचे आणि एक उतरता बसेल. तुमचं घर साडेसात मीटर रुंद धरलं तर डावीकडे पावणेचार मीटर कर्ब अखंड राहतो, आणि पलीकडच्या घरापुढचा धरून तिथे एक अख्खी गाडी सहज मावते. हेच काम घराच्या मधोमध केलंत तर दोन्हीकडे बिनकामाचे तुकडे उरतात. हा हिशोब कागदावर मांडून आजोबांना दाखवा.

हिरवळ
हे आधी सांगायला हवं होतं. जोडून करणार असाल तर माझा विरोध बराच कमी झाला.

शरयू_मिडलंड्स (चार महिन्यांनी)
मंडळी, काम झालं. उशिरा लिहितेय, आई आल्यावर वेळच मिळाला नाही.

मार्चमध्ये अर्ज केला. इन्स्पेक्टर बाई येऊन स्वतः मोजून गेल्या, दोन फोटो काढले. बे विंडोपुढे गाडी कधीही लावणार नाही असं लिहून घेतलं. जोडून करायची कल्पना त्यांना लगेच पटली. पाण्याच्या स्टॉप टॅपचं झाकण बरोबर चाकाच्या वाटेत येत होतं, ते जड वाहनाचं बसवायचे १९० पौंड वेगळे. अर्ज, काम, झाकण सगळं मिळून २,३८० पौंड. ड्राईव्हवेचा खर्च निराळा. दोन पट्ट्या आणि मधे माती केली आहे. तिथे आईने कोथिंबीर पेरली, हिरवळताईंनी फोटो बघावा.

आजोबांकडे मी कागद घेऊन गेले होते. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला, मग टेप घेऊन स्वतः बाहेर आले. त्यांची मुलगी आता आमच्या डावीकडे गाडी लावते. काम मात्र जूनमध्ये झालं. आई मेमध्येच आली, त्यामुळे पाच आठवडे पलीकडच्या गल्लीतून चालावं लागलंच. पहिल्यांदा गाडी आत घेतली तेव्हा ती उतरून दाराच्या कडीला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, इतकं जवळ?"

पांढरी_काठी
वाचून फार बरं वाटलं. २५ मिलीमीटरची कड ठेवली ना?

शरयू_मिडलंड्स
ठेवली. ठेकेदार सपाट करू का विचारत होता, मी नको म्हटलं.

आता शेवटचा प्रश्न. भिंत गेल्यावर समोर उघडं उघडं वाटतं, म्हणून लाकडी गेट लावायचं आहे. आत गाडी उभी असताना जागा पुरत नाही, बाहेर उघडलं तर?

खडी_डांबर
फुटपाथवर उघडणारं गेट चालत नाही, कलम १५३. सरकतं बघा, नाहीतर दोन घड्यांचं. आणि उंची १ मीटरच्या आत ठेवा, म्हणजे प्लॅनिंग लागत नाही.

शरयू_मिडलंड्स
दोन घड्यांचं करते. सुताराला उद्याच फोन करते.